बटण दाबलं, पुढं काय?

वेबसाइटवरचं ‘बाय नाऊ’ हे बटण दिसायला एवढंसं. पण गिऱ्हाइकाला आपण पहिला शब्द देतो तो तिथंच. तो पाळता येणार नसेल, तर बटण न लावलेलंच बरं!

बीसीए, बीसीएस, नाहीतर बीकॉम करता करता डिजिटल मार्केटिंगचा कोर्स. कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही वर्गात बघा, ‘मी वेबसाइट बनवतो’ म्हणणारा एक तरी सापडतोच. पहिलं काम बहुतेक घरातूनच येतं. मामाचं ट्रॅक्टरचं गॅरेज, काकूंचा मसाल्याचा घरगुती धंदा, मित्राच्या वडिलांचं लॉज, कुणाची मेस, कुणाची सीताफळाची बाग. टेम्प्लेट फुकटात मिळतं. रंग बदलले, फोटो टाकले, दोन दिवसांत साइट तयार! आणि गॅरेज असो की मसाला, त्या साइटच्या मधोमध एकच बटण चमकत असतं, ‘गेट स्टार्टेड’.

काय स्टार्ट करायचं? ट्रॅक्टर?

हे बटण टेम्प्लेटबरोबर आलेलं असतं. कुठल्यातरी परदेशी सॉफ्टवेअर कंपनीला शोभेल असं लिहिलेलं. आपण लोगो बदलतो, फोटो बदलतो, पण बटणाला हात लावत नाही. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बाकीचं सगळं तसंच राहिलं तरी एकवेळ चालेल, बटण आधी बदला. कारण साइटवर येणारा माणूस तुमचा ‘अबाऊट अस’ वाचायला आलेला नसतो. त्याला काहीतरी हवं असतं. ते मिळवायला काय करायचं, हे फक्त ते बटण सांगतं. आणि ते केल्यावर काय होणार, हेही त्यानंच सांगायला पाहिजे.

एसटीला जमलं, आपल्याला का नाही?

या बटणाला डिजिटल मार्केटिंगवाले ‘कॉल टू ॲक्शन’ म्हणतात. नाव भारी आहे, पण मराठीत त्याला साधा शब्द आहे, हाक. आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशी दिवसभर तेच तर करत असतात. भाव सांगतात, माल दाखवतात, ‘घ्या ओ ताई’ म्हणतात आणि आपण थांबलो की लगेच तराजू हातात घेतात. हाक आणि तराजू यांच्यात अंतर नसतं, ही त्यातली मुख्य गोष्ट.

महाराष्ट्रातली सगळ्यात चांगली हाक कुठली, असं विचाराल तर माझं मत एसटी महामंडळाला. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’. थांबा नसलेल्या फाट्यावर, वस्तीवर उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी ही योजना होती. शब्द किती? चार. पण त्यात सगळं आलं. तुम्ही काय करायचं? हात दाखवायचा. मग काय होणार? एसटी थांबणार. फॉर्म नाही, ओटीपी नाही, ‘आमच्या सेवेचा लाभ घ्या’ वगैरे तर अजिबात नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही एकदा सांगितलं की कळणार.

आणि आता दुसरी बाजू. हात दाखवूनही गाडी धुरळा उडवत निघून गेली, की त्या आजीच्या लेखी चारही शब्द खोटे. पुढच्या वेळी ती हात दाखवत नाही, सरळ काळीपिवळीत बसते.

वेबसाइटच्या बटणाचं सगळं शास्त्र मला या एका ओळीत दिसतं. काय करायचं ते सांगा. केल्यावर काय होईल ते सांगा. आणि मग खरंच तसं होऊ द्या. आपल्याकडं हाकेला ओ देणं म्हणतात. वेबसाइटवर हाक आपण मारतो, गिऱ्हाईक बटण दाबून ओ देतं. त्यानंतर हाक त्याची असते आणि ओ आपल्याला द्यावी लागते. बहुतेक साइट तिथंच मुक्या होतात.

सीताफळाला ‘ॲड टू कार्ट’ कसं चालेल?

उदाहरण घरचंच घेऊ. बीडचं सीताफळ. बालाघाटाच्या डोंगरउतारावर, खडकाळ आणि हलक्या जमिनीत येणारं. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. नाव आहे, चव आहे, पुण्या-मुंबईत खाणारे आहेत. मग शेतकऱ्याच्या घरातल्या कॉलेजवाल्या पोरानं किंवा पोरीनं साइट बनवली तर त्यावर बटण कुठलं हवं?

टेम्प्लेट म्हणणार ‘ॲड टू कार्ट’. पण सीताफळ म्हणजे मोबाइलचं कव्हर नाही, की गोडाऊनमधून उचललं आणि पाठवलं. फळाचे डोळे उघडले की ते तोडायचं. तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते पिकतं आणि पिकलं की बोटानं दाबलं तरी फुटतं. फ्रीजमध्ये कोंबून ठेवावं तर साल काळी पडते. म्हणजे आज ऑर्डर घेतली, परवा तोडलं आणि कुरिअरनं पाच दिवस लावले, तर पुण्यात पोचतो तो लगदा. गिऱ्हाइकानं बटण दाबलं, पैसे भरले, त्याच्याकडून चूक काहीच झाली नाही. बटणानंच त्याला फसवलं.

आता हीच हाक शेताकडून मारून बघा. ‘शनिवारच्या तोड्यातली पेटी राखून ठेवा’. आणि बटणाखाली बारीक अक्षरात नको, नीट वाचता येईल अशा अक्षरात दोन ओळी: ‘शनिवारी तोडणी, रात्री ट्रॅव्हल्सनं पार्सल, रविवारी सकाळी पुण्यात. फळ कडक असेल, दोन दिवसांत पिकेल.’ घरून डबा मागवणाऱ्या पुण्यातल्या पोरांना ट्रॅव्हल्सचं पार्सल काय असतं ते वेगळं सांगायला नको. हा रस्ता आपल्याला ओळखीचा आहे. फक्त तो बटणावर कधी लिहिला गेला नाही.

या एका बदलानं काय काय झालं बघा. गिऱ्हाइकाला कळलं की फळ शिळं नाही, त्याच्यासाठी तोडलं जाणार आहे. शेतकऱ्याला शुक्रवारी कळलं की किती पेट्या भरायच्या. आणि घाई करायला खोटं काही बोलावं लागलं नाही. शनिवार हा शनिवारच आहे. झाडावर फळं मोजकीच आहेत. खरी घाई सांगायला लाजायचं कशाला?

हंगाम संपल्यावर काय? पावसाळा सरता सरता सुरू झालेलं सीताफळ दिवाळीच्या मागंपुढं आटोपतं. मग डिसेंबरात तेच बटण तसंच लोंबकळत ठेवायचं नाही. ते बदलायचं: ‘पुढच्या हंगामात मला कळवा’. गिऱ्हाइकानं नंबर दिला, की पुढच्या वर्षी पहिल्या तोड्याच्या आधी त्याला एक मेसेज. एकच हं! रोज सकाळी ‘शुभ सकाळ’ नको.

‘नोंदणी करा’ म्हटलं की माणूस मागं सरतो

बटणावरच्या एका शब्दानं एवढा काय फरक पडणार, असं कुणाला वाटेल. तर दोन किस्से सांगतो. दोन्ही अमेरिकेतले आहेत आणि वेबसाइट बनवणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहेत.

पहिला जॅरेड स्पूल या तज्ज्ञानं २००९ मध्ये लिहिला. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात (कंपनीचं नाव त्यानं सांगितलं नाही) सामान निवडून झालं, की पैसे भरण्याआधी एक फॉर्म यायचा. जुने गिऱ्हाईक असाल तर लॉगिन, नवे असाल तर ‘रजिस्टर’. लोक तिथंच अडायचे. नव्यांना वाटायचं, मी वस्तू घ्यायला आलोय, यांच्याशी नातं जोडायला नाही! जुन्यांना पासवर्ड आठवायचा नाही. शेवटी ‘रजिस्टर’ काढून तिथं ‘कंटिन्यू’ असं बटण लावलं आणि खाली साधी ओळ लिहिली, की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. वर्षभरात विक्री ३० कोटी डॉलरनं जास्त झाली. म्हणून तो किस्सा ‘तीस कोटी डॉलरचं बटण’ या नावानं ओळखला जातो.

दुसरा बराक ओबामांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराचा. त्यांच्या साइटवर येणाऱ्यांकडून ईमेल पत्ता घ्यायचा होता. डॅन सिरोकर याच्या टीमनं वेगवेगळे फोटो-व्हिडिओ आणि चार वेगवेगळी बटणं यांच्या २४ जोड्या करून तपासल्या. टीममधल्या लोकांना व्हिडिओ आवडले होते. जिंकला तो कुटुंबाचा साधा फोटो आणि ‘लर्न मोअर’ हे बटण. आधीच्या ‘साइन अप’च्या पानावर १०० पैकी साधारण ८ जण पत्ता देत होते, ते प्रमाण साडेअकरापर्यंत गेलं.

यावरून ‘लर्न मोअर’ सगळीकडं चिकटवायचं का? मुळीच नाही. तसं केलं तर पुन्हा टेम्प्लेटचीच गुलामी. समजून घ्यायचं ते एवढंच, की ओळख नसलेल्या माणसाकडं आपण किती मोठं मागणं करतो. ‘नोंदणी करा’ म्हणजे नाव दे, नंबर दे, पासवर्ड लक्षात ठेव. माणूस अजून दारातच उभा आहे आणि आपण त्याला सातबारा मागतोय.

मेस चालवणाऱ्याच्या साइटवर ‘महिन्याची मेंबरशिप घ्या’ यापेक्षा ‘आज एक वेळ जेवून बघा’ ही हाक जास्त ओढते, कारण तिच्यात पाऊल छोटं आहे. परळीत वैद्यनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी लॉज असेल तर ‘बुक नाऊ’च्या आधी लोकांना एकच गोष्ट हवी असते: ‘महाशिवरात्रीला खोली आहे का?’ मग बटणावर तेच लिहा ना, ‘खोली आहे का विचारा’. आणि गॅरेजसाठी? शेतात ट्रॅक्टर बंद पडलेला माणूस चिखलात उभा राहून फॉर्म भरणार नाही. ‘ट्रॅक्टर बंद पडलाय? फोन लावा’. बटण दाबलं की थेट फोन लागला पाहिजे.

खोटी घाई

आता थोडं कडू बोलतो. तुमच्यापैकी बरेच जण कोर्समध्ये ‘अर्जन्सी’ शिकलेले आहात. लाल रंगाचा उलटा चालणारा टायमर. ‘फक्त ३ जागा शिल्लक’. ‘२७ जण आत्ता हे पान बघत आहेत’. टायमर शून्यावर आला, की पान रिफ्रेश करा, पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू! क्लासच्या साइटवर ‘शेवटच्या ५ सीट्स’ जूनमध्येही पाचच असतात आणि ऑगस्टमध्येही पाचच.

ही हुशारी नाही. सरळ भाषेत ही फसवणूक आहे, आणि आता तर नियमाच्याही विरुद्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली. त्यात असे १३ प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई करणं हा त्यातला एक. न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी घुसवणं, हा दुसरा. ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणं, तिसरा. म्हणजे ‘नको’च्या जागी ‘मला माझ्या भविष्याची काळजी नाही’ असलं काहीतरी लिहायचं आणि माणसाला ते दाबायला लावायचं. आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पानावर चार्जेस चढवणं, सबस्क्रिप्शन घेणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, जाहिरात बातमीसारखी सजवणं, हेही त्यात आहे. हे नियम फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाहीत. माल किंवा सेवा विकणाऱ्या, जाहिरात करणाऱ्या सगळ्यांसाठी आहेत. तुम्ही काकूंसाठी बनवलेली साइटही त्यात आली. आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही फसलात तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

पण नियम बाजूला ठेवा. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट जास्त जपून करायला हवी, याला दुसरं कारण आहे. गेल्या काही वर्षांत मल्टिस्टेट सोसायट्यांमध्ये इथल्या हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. कुणाची रिटायरमेंटची पुंजी, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर हंगामाआधी घेतलेली ‘उचल’ काय असते आणि ती फेडता फेडता काय होतं, हे पिढ्यांपासून माहीत आहे. पटकन ‘हो’ म्हणण्याची किंमत या मातीनं मोजलेली आहे. त्या माणसासमोर तुम्ही ‘लवकर करा, संधी पुन्हा नाही’ असं बटण नाचवलं तर तो काय समजेल? आणि समजा तो फसला, तर? तो अनोळखी नसतो. तो बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, तुमच्या वडिलांना ओळखतो. मोठ्या कंपनीला एक गिऱ्हाईक गेल्याचं काही वाटत नाही. केज, धारूर, पाटोद्यातल्या धंद्याचं नाव एकदा गेलं की गावभर जातं.

‘पण सर, टायमर लावला की ऑर्डरी वाढतात’, असं कुणी म्हणेल. वाढत असतील. पहिल्या आठवड्यात वाढतीलही. मोठ्या ॲपवाल्यांकडं निदान वस्तू परत घेण्याची यंत्रणा असते, पैसे परत करण्याची सोय असते. घाईत घेतलेलं नंतर परत देता येतं. काकूंच्या मसाल्याला असलं काही नाही. तिथं परत येणारं गिऱ्हाईक हीच सगळी कमाई. ते दुसऱ्यांदा आलं नाही, तर पहिल्या ऑर्डरीचा नफा जाहिरातीतच गेलेला असतो.

बोलतो तसं लिहा

मराठी साइटवर बटणं बघितली की मला सरकारी कचेरीत उभं राहिल्यासारखं वाटतं. ‘प्रस्तुत करा’. ‘अधिक जाणून घ्या’. ‘आपली चौकशी सादर करा’. अरे, काकूंच्या दुकानात कुणी ‘चौकशी सादर’ करतं का? लोक विचारतात, ‘काकू, काळा मसाला पाव किलो केवढ्याला?’ मग बटण असं हवं: ‘भाव बघा’. ‘सबमिट’च्या जागी ‘पाठवा’. आणि ‘येथे क्लिक करा’ हे तर बंदच करा. ‘येथे’ म्हणजे कुठं आणि केल्यावर काय, यातलं काहीच ते सांगत नाही. डोळ्यांनी न दिसणारी माणसं स्क्रीन रीडरवर साइट ऐकतात, पानावरच्या लिंका एकामागून एक ऐकत जातात. त्यांना दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू येतं. त्यांनी त्यातून काय उमजायचं?

एक सोपी कसोटी सांगतो. बटणावरचे शब्द फोनवर बोलून बघा. समोरचा ‘म्हणजे?’ असं म्हणाला, की शब्द बदला. इंग्रजी शब्द आला म्हणून लगेच बिघडत नाही. ‘फोन’, ‘ऑर्डर’, ‘पार्सल’, ‘बुकिंग’ हे आता आपलेच आहेत. ‘दूरध्वनी करा’ असं लिहून मराठीची सेवा होत नाही, फक्त फोन येत नाहीत.

आणि पानावर मुख्य हाक एकच ठेवा. फोन करा, व्हॉट्सॲप करा, फॉर्म भरा, इन्स्टा फॉलो करा, यूट्यूबला सबस्क्राइब करा, कॅटलॉग डाउनलोड करा. सहा जण एकदम हाका मारायला लागले की माणूस कुणाकडंच बघत नाही. गॅरेजला फोन पुरेसा आहे. मसाल्याला व्हॉट्सॲप. मुख्य बटण ठळक, बाकीचं हवंच असेल तर खाली, साध्या अक्षरात.

आता थोडं हातातलं काम. आपल्याकडं साइट बघणार ती मोबाइलवर, तीही बऱ्याचदा एका हातानं, उन्हात. म्हणून बटण अंगठ्याच्या मापाचं पाहिजे. अँड्रॉइडसाठी गुगलचं डिझाइन मार्गदर्शन सांगतं, की दाबायची जागा किमान ४८ बाय ४८ डीपी असावी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या बोटांसाठी त्याहून मोठी ठेवली तरी हरकत नाही. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं उन्हात दिसत नाहीत. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असा वेबच्या सुलभतेचा मान्य निकष आहे. तो तपासायची साधनं फुकट मिळतात. ‘लाल बटण चालतं की हिरवं’ यावर तासभर वाद घालण्यापेक्षा, ते मागच्या रंगातून उठून दिसतंय का एवढं बघा.

फोन नंबरचा फोटो टाकू नका, दाबला की लागेल अशी लिंक करा. व्हॉट्सॲपचीही अशी लिंक करता येते आणि त्यात आधीच मजकूर भरून ठेवता येतो. म्हणजे बटण दाबलं की चॅट उघडतं आणि तिथं ‘नमस्कार, मला अर्धा किलो काळा मसाला हवा आहे’ हे लिहिलेलंच असतं. गिऱ्हाइकानं फक्त पाठवायचं. फुकटची सोय आहे, दहा मिनिटांचं काम आहे. पण टाइप करायचा कंटाळा येणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पाच माणसं आणि एक मोबाइल

कोर्समध्ये तुम्हाला ए-बी टेस्टिंग शिकवतात. अर्ध्यांना एक बटण दाखवा, अर्ध्यांना दुसरं, आकडे बघा. ओबामांच्या साइटवर ते शक्य होतं, कारण त्या एका चाचणीत तीन लाखांवर लोक येऊन गेले. मामाच्या गॅरेजच्या साइटवर दिवसाला पंधरा जण येणार. त्यातले दोन जास्त आले की कमी, यावरून काही सिद्ध होत नाही.

आपल्यासाठी दुसरा उपाय आहे. जेकब निल्सन या अभ्यासकानं २००० मध्ये मांडला होता, की पाच माणसांना साइट वापरताना नुसतं बघितलं तरी बहुतेक मोठे घोळ समोर येतात. पाच माणसं आपल्याकडं चहाच्या टपरीवरही भेटतात. मोबाइल त्यांच्या हातात द्या. ‘यावरून एक पेटी सीताफळ मागवा’ एवढंच सांगा. आणि मग गप्प बसा. ‘तिथं नाही, खाली बघा ना’ असं म्हणायचं नाही. तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून सांगणार नाही आहात. ते कुठं थांबले, कुठं कपाळाला आठी पडली, कुठं चुकून मागं गेले, ते लिहून घ्या. आजोबा, मावशी, शेजारचा दहावीतला पोरगा, असे वेगवेगळे पाच जण घ्या. पाचही तुमच्याच वर्गातले घेतले तर सगळं झकास चाललंय असंच दिसेल.

ओ कोण देणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा बटण छान झालं. शब्द बरोबर, जागा बरोबर, रंग बरोबर. बुधवारी रात्री साडेनऊला कुणीतरी ते दाबलं. पुढं काय?

हा प्रश्न साइट बनवणारा विचारतच नाही. त्याचं काम साइट लाइव्ह झाली की संपतं. पण फॉर्म जातो कुठं? बहुतेकदा अशा ईमेलवर, की जो मामांनी कधी उघडलेलाच नाही. पासवर्ड तुमच्याकडं, तुम्ही पुण्यात. व्हॉट्सॲप नंबर काकूंचा, पण मोबाइल शाळेतल्या मुलाकडं. बटण हाक मारतंय आणि घरात कुणी नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. बटण लावायच्या आधी मामांसोबत बसून तीन गोष्टी ठरवा. उत्तर कोण देणार? किती वेळात देणार? आणि जमणार नसेल तेव्हा काय सांगणार? संध्याकाळी सातनंतर फोन उचलता येत नसेल तर बटणाखाली तसं लिहा: ‘सकाळी ९ ते संध्याकाळी ७’. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ पासून भारतात फुकट मिळतंय. त्यात धंद्याच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावता येतो, मालाची यादी फोटो-भावासकट टाकता येते. ‘दुकान बंद आहे, उद्या सकाळी दहापर्यंत उत्तर देते’ एवढा निरोप गेला तरी समोरचा थांबतो. गप्प राहिलो तर तो दुसऱ्याकडं जातो.

आणि एकट्या माणसाला दिवसाला वीस पेट्याच भरता येत असतील, तर एकविसाव्याला बटणानं तसं सांगावं: ‘या शनिवारच्या पेट्या संपल्या, पुढच्या शनिवारची राखून ठेवा’. ही टंचाई खरी आहे, म्हणून तिला वजन आहे. खोटा टायमर लावणाऱ्याला हे वजन कधीच मिळत नाही.

मला माहीत आहे, तुमच्यातले अनेक जण डिग्री झाली की पुण्याला जाणार. मोठ्या कंपन्यांसाठी बटणं लिहिणार. जा, जरूर जा. पण त्याआधी इथं एक तरी साइट अशी करून जा, की तिचं बटण दाबलं आणि खरंच काहीतरी झालं. मोठ्या कंपनीत तुमच्या एका शब्दामागं आकडे हलतात. इथं तुमच्या एका शब्दामागं कुणाचा तरी शनिवारचा तोडा हलतो, आणि तो वेळेत विकला गेला नाही तर मंगळवारी मातीमोल होतो.

तेव्हा आज एवढंच करा. घरच्या, मित्राच्या, कुणाच्याही धंद्याची साइट किंवा इन्स्टाची बायो उघडा. मुख्य बटण स्वतः दाबा. आणि हातात घड्याळ घेऊन बघत बसा, की ओ कधी येते!